क्रम, प्रमाण आणि नोंद

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले हळीव. माथ्यावर सिंहासनात महाराज आणि बुरुजाबुरुजावर रंगवलेले मावळे. मावळा बुरुजाहून उंच असतो. महादरवाजातून आत जायचं तर त्याला रांगावं लागेल.

एकदा हिशोब करून पाहा. मातीचा मावळा आठ सेंटिमीटरचा आणि खरा माणूस १६० सेंटिमीटरचा धरला, तर प्रमाण झालं १:२०. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. या मावळ्याला शोभेल असा रायगड करायचा, तर तो ४१ मीटर उंच लागेल, म्हणजे तेराचौदा मजली इमारतीएवढा. उलट, अंगणातला मीटरभर उंचीचा किल्ला हाच रायगड मानला, तर मावळा दोन मिलिमीटरचा हवा, मोहरीच्या दाण्याएवढा.

मुलांचा किल्ला चुकीचा नसतो. त्यांना मावळा दिसायला हवा असतो, म्हणून ती तो मोठा ठेवतात. पण हा हिशोब डोक्यात शिरला की प्रश्न सुरू होतात. दरवाजा खरोखर केवढा होता? अंबारीसकट हत्ती त्यातून जायचा का? तटातल्या जंगीतून, म्हणजे मारा करायच्या भोकातून, बंदुकीची नळी बाहेर काढली, तर तिची गोळी कुठवर पोचायची? पहिल्या प्रश्नाचं बोट धरून गेलं की स्केल मॉडेलचा छंद लागतो, शेवटच्या प्रश्नाचं बोट धरून गेलं की जुन्या बंदुकांचा. हे दोन छंद अनेकदा एकाच घरात नांदतात. त्यांचं नातं काय, ते एका माणसाच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसतं.

बंदुकांपासून संग्रहालयापर्यंत

ऑगस्टस लेन फॉक्स हे ब्रिटनच्या ग्रेनेडियर गार्ड्स पलटणीतले अधिकारी. जन्म १८२७चा. १८५०च्या दशकात ब्रिटिश लष्कर गुळगुळीत नळीची जुनी बंदूक सोडून रायफलकडे वळत होतं. नव्या बंदुकांच्या चाचण्या घेणं आणि सैनिकांना नेमबाजी शिकवणं ही कामं त्यांच्याकडे आली.

चाचण्या घेताना त्यांच्या लक्षात आलं, की कुठलीच बंदूक एकदम अवतरत नाही. एक कारागीर घोड्याचा आकार जरासा बदलतो, दुसरा नळीतल्या खाचांचा पीळ वाढवून पाहतो. बहुतेक बदल वाया जातात. एखादा उपयोगी ठरतो, आणि तेवढाच पुढच्या बंदुकीत उतरतो. हे बारीक बदल शेजारी शेजारी मांडले, तर सुधारणा कशी घडते ते डोळ्यांनी दिसेल, असं त्यांना वाटलं आणि ते बंदुका जमवू लागले. बंदुकांमागून भाले, धनुष्यं, ढाली आल्या. मग टोपल्या, वाद्यं, कुलपं आणि किल्ल्यासुद्धा. १८८४ मध्ये त्यांनी वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला. या संग्रहाच्या विषयावर शिकवणारा अध्यापक नेमायचा, अशी त्यांची अट होती. ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स संग्रहालय उभं राहिलं ते त्यातून.

पिट रिव्हर्स हे नाव त्यांनी १८८० मध्ये घेतलं. त्या वर्षी दक्षिण इंग्लंडमधल्या क्रॅनबॉर्न चेस भागातली हजारो एकरांची जहागीर त्यांच्याकडे वारशानं आली आणि तिच्याबरोबर हे आडनावही आलं. त्या जमिनीत प्राचीन वस्त्या होत्या, खंदक होते, दफनाचे उंचवटे होते. त्यांनी ते शास्त्रशुद्ध रीतीनं खणले आणि खणलेल्या जागांची प्रमाणबद्ध मॉडेलं करून घेतली. खणताना जागा विस्कटते. एकदा उपसलेला खंदक पुन्हा मूळचा होत नाही. म्हणून त्यांनी जमिनीची चढउतार आणि खड्ड्यांची जागा मोजून ती छोट्या रूपात जपली. त्यांतली अनेक मॉडेलं आज सॉल्सबरीच्या संग्रहालयात आहेत.

एकाच माणसानं बंदुका रांगेत लावल्या आणि टेकड्या टेबलावर आणल्या. बंदुकांनी त्यांना क्रम शिकवला, टेकड्यांनी प्रमाण. आज घरच्या कपाटात दोन जुन्या बंदुका आणि दहा मॉडेलं ठेवणारा हौशी माणूस याच दोन गोष्टींचा सराव करत असतो.

नळीत डोकावून

ठासणीच्या बंदुका, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजानं ठासायच्या बंदुका, आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होत्या. त्या दुरून सारख्या दिसतात. फरक असतो पेटवण्याच्या तऱ्हेत. तोड्याच्या बंदुकीत जळत्या दोरीचं, म्हणजे तोड्याचं टोक चाप ओढला की खाली येतं आणि नळीच्या बाजूला ठेवलेली रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, पेटवतं. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती पोलादावर घासून ठिणग्या रंजकेवर पडतात. टोपीच्या बंदुकीत रंजक उघडी नसतेच. तांब्याच्या छोट्या टोपीत आघातानं भडकणारा लेप असतो. घोडा टोपीवर आपटला की ज्वाळा पोकळ नळकांड्यातून थेट आतल्या दारूपर्यंत जाते.

हा शेवटचा बदल किती मोठा होता, ते १८४१च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटन शहराबाहेर दिसलं. पहिल्या अफू युद्धात ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी वादळी पावसात एकटी पडली. शिपायांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. रंजक भिजली आणि बंदुका मुक्या झाल्या. शिपाई संगिनींवर तग धरून राहिले. त्यांना सोडवायला मरीन सैनिकांच्या तुकड्या गेल्या, त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका होत्या आणि त्या त्याच पावसात झडल्या. संग्राहक चकमकीची आणि टोपीची बंदूक शेजारी मांडतो, तेव्हा त्या दोहोंमधल्या बोटभर जागेत असा एखादा पाऊस मावलेला असतो.

आता क्रमाचं एक कोडं पाहा. समोर दोन लांब बंदुका आहेत. दोन्ही टोपीच्या, दोन्हींची बांधणी जवळजवळ सारखी. पहिलीच्या नळीत उजेड सोडला की आत तीन पीळदार खाचा दिसतात. नळीचा व्यास .५७७ इंच. मागच्या बाजूला नेमासाठी वरखाली सरकणारी पट्टी, तिच्यावर शेकडो यार्डांच्या खुणा. दुसरीची नळी आतून गुळगुळीत, व्यास सुमारे .६५ इंच, नेमाची पट्टी साधी आणि स्थिर. यांतली आधीची कुठली?

यंत्रं नेहमी सुधारत जातात असं मानणारा माणूस गुळगुळीत नळीची बंदूक आधी ठेवेल आणि खाचांची नंतर. तो चुकेल. खाचांची बंदूक म्हणजे १८५३ची एन्फिल्ड रायफल, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला. गुळगुळीत नळीची तिच्यानंतरची, १८५८च्या नमुन्याची. उठावानंतर ब्रिटिशांना हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या सोल्जराइतकं अचूक हत्यार द्यायचं नव्हतं. म्हणून दिसायला एन्फिल्डसारखी, पण मुद्दाम अधू केलेली बंदूक त्यांनी शिपायांसाठी काढली. खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. खाचा गेल्या की शंभर यार्डांपुढे नेमाचा भरवसा उरत नाही.

एका राजवटीचा अविश्वास त्या नळीत आजही बोटाला लागतो. मला जुन्या बंदुकांच्या संग्रहाचं मोल वाटतं ते यासाठी. 'उठावानंतर लष्कराची पुनर्रचना झाली' हे वाक्य पुस्तकात वाचून पुढे जाता येतं. पण नळीत डोकावून ती गुळगुळीत दिसली की शिपायाला रोज काय हातात धरावं लागत होतं ते कळतं.

पिट रिव्हर्स यांच्या विचारातली चूकही इथेच सापडते. त्यांनी जगभरच्या वस्तू साध्याकडून गुंतागुंतीकडे अशा एकाच चढणीवर लावल्या आणि चढणीच्या माथ्यावर युरोप ठेवला. वस्तूवर साल नसलं की ती 'साधी' आहे म्हणून तिला जुनी आणि मागासलेली ठरवणं सोपं जातं. १८५८ची ही बंदूक त्या मांडणीला खोटं पाडते. इतिहास काही वेळा मागे जातो आणि कधी कधी त्याला मुद्दाम मागे नेलेलं असतं. म्हणून संग्राहकानं क्रम डोळ्यांच्या अंदाजावर लावायचा नसतो. चापाजवळच्या पट्टीवरचं साल, नळीवरचे चाचणीचे ठसे, दस्त्यावरचे पलटणीचे आकडे वाचून लावायचा असतो.

चिंच, तेल आणि कायदा

हे ठसेच सगळ्यात आधी नष्ट होतात आणि ते नष्ट करणारे हात बहुधा प्रेमाचे असतात. खंडेनवमीला माळ्यावरची हत्यारं खाली येतात. पितळेला चिंच, लोखंडाला पॉलिश पेपर. तासाभरात सगळं लखलखीत होतं आणि दीडशे वर्षं टिकलेलं साल पुसलं जातं. लोखंडावर हळूहळू चढलेला तपकिरी थर म्हणजे वयाची साक्ष. तो खरवडायचा नाही. सैल गंज मऊ फडक्यानं आणि हलक्या तेलानं काढावा. लाकडाला पाणी लावू नये. पूजेचं हळदकुंकू लगेच कोरडं पुसून घ्यावं. कोकणच्या दमट हवेत तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासणी हवीच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सुरक्षेची. माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. पूर्वी बार काढायचा राहून गेला, तर दारू आणि गोळी आतच राहायची आणि कोरडी दारू वर्षानुवर्षं जिवंत राहते. जाणकार नळीत लाकडी गज घालतात, तोंडाशी खूण करतात आणि तोच गज बाहेरून नळीशेजारी धरतात. गजाचं टोक पेटवणीच्या भोकापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. अशा वेळी बंदुकीला हात न लावता पोलिसांना कळवणं हाच मार्ग.

कायदा समजून घेतल्याशिवाय हा छंद करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार झडू शकणाऱ्या बंदुकीला परवाना लागतो, मग ती पणजोबांची का असेना. त्या कायद्याच्या ४५व्या कलमात सवलत आहे, ती जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त अशा हत्यारांना, आणि तीही दुरुस्ती करूनसुद्धा जी बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशांनाच. आपलं हत्यार त्यात बसतं की नाही, हे आपल्या मनानं ठरवू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदाही लागू होतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. या बंधनांमुळे आपल्याकडे हा छंद बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहण्याचा आणि टिपणं काढण्याचा राहतो, आणि तोही कमी प्रतीचा नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रं किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन वही घेऊन पाहा. एका दुपारी एकच वस्तू पुरते.

बहात्तराव्या हिश्श्यातलं विमान

प्रमाणाच्या छंदाला परवाना लागत नाही. १:७२ म्हणजे खऱ्या सहा फुटांचा एक इंच. उभा माणूस जेमतेम इंचभर. हे प्रमाण १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळलं. तिथल्या 'फ्रॉग' कंपनीनं १९३६ मध्ये 'पेंग्विन' नावाची जुळवायची प्लास्टिकची विमानं याच मापात आणली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि खेळण्याला काम मिळालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफेवरच्या माणसाला क्षणात ओळखावं लागे. त्यासाठी काळ्या रंगाची लहान विमानं वापरत. हिशोब सोपा आहे: १:७२चं विमान दहा मीटरवर धरलं, की ते ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. वर्गाच्या भिंतीपाशी उभं राहून पाऊण किलोमीटरचं आकाश दाखवता येई. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलानं शाळाशाळांतल्या मुलांना अशी पाच लाख विमानं करायला सांगितलं होतं.

प्रत्येक प्रमाण इतक्या विचारानं ठरलं असं नाही. रणगाड्यांच्या मॉडेलांत जगभर चालणारं १:३५ हे माप जपानच्या शिझुओका शहरातल्या 'तामिया' कंपनीचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, आणि नंतर मोजलं तर माप निघालं १:३५. बॅटरीच्या सोयीनं ठरलेलं ते माप पुढे जगाचा रिवाज झालं.

आता एक डबा उघडू या. १:७२चं स्पिटफायर. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी ११.२३ मीटर, हे १५.६ सेंटिमीटर. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला, म्हणजे स्प्रूला, जोडलेले असतात. घाईचा माणूस ते पिळून तोडतो आणि कडेला खड्डा पाडतो. निपरनं जरा लांबून कापायचं, उरलेला बिंदू बारीक कानशीनं घासायचा. मग गोंद न लावता भाग जुळवून पाहायचे. पंख धडाला जिथे मिळतो तिथे केसाएवढी फट राहिली, तर ती खऱ्या विमानात पेन्सिलीएवढी होते.

या कामाचा गोंद वरून चिकटवत नाही. तो पातळ द्रव असतो. सांध्यावर ब्रशाचं टोक टेकवलं की तो स्वतःहून फटीत ओढला जातो, दोन्हीकडचं पॉलिस्टायरीन किंचित विरघळवतो आणि उडून जातो. मागे राहतो तो सांधलेला एकजीव तुकडा. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला मात्र हा गोंद चालत नाही, ती धुरकटते. तिथे लाकडाला लावतात तो पांढरा गोंद बरा.

खरी परीक्षा रंगाची. ब्रशानं दाट रंग लावला, तर एक दशांश मिलिमीटरचा थर सहज बसतो. बहात्तरनं गुणा: खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा झाला, विमान गिलाव्यात बुडालं. म्हणून रंग पातळ करून, थरावर थर, मध्ये वाळू देत. पत्र्यांचे सांधे दाखवणारी रेघ ०.२ मिलिमीटरची असली तरी ती खऱ्यात चौदा मिलिमीटरची होते. तिच्यात काळा रंग भरला की विमान पिंजऱ्यासारखं दिसू लागतं, फिका राखाडी भरला की सांधे जागेवर येतात. प्रमाण लांबीरुंदीपुरतं नसतं. ते जाडीला, सावलीला, रंगाच्या गडदपणालाही लागू होतं, हे हात कामाला लागल्याशिवाय कळत नाही.

हे शिकून काय मिळतं, ते मुंबईकरांना 'विक्रांत'च्या आठवणीनं सांगता येईल. १९६१ मध्ये नौदलात आलेली ही भारताची पहिली विमानवाहू नौका, लांबी सुमारे ७०० फूट. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये तोडायला घेतली गेली. तिच्या डेकवर चाललेले लोक आज आपल्यात आहेत, नौका नाही. १:७०० या मापात ती फूटभर होते. कुणी जुनी छायाचित्रं आणि आराखडे जमवून तिची सपाट पाठीची आकृती त्या फूटभरात उतरवली, तर मुलाच्या हातात ती देता येते. डेकवर विमानं ठेवली की कळतं, खऱ्या वैमानिकाला उतरायला केवढीशी जागा होती.

तळाशी लिहिलेलं

क्रम आणि प्रमाण या दोहोंना धरून ठेवणारी तिसरी गोष्ट म्हणजे नोंद. १८५८च्या बंदुकीची जागा सालानं ठरली, डोळ्यानं नव्हे. मॉडेलचंही तसंच. कुठल्या छायाचित्रावरून रंग घेतला, कुठला भाग अंदाजानं केला, कुठल्या वर्षाची अवस्था दाखवली, हे तळाच्या लाकडी पाटावर पेन्सिलीनं लिहिलं, तर ते मॉडेल पुढच्या माणसाच्या उपयोगाचं. नाहीतर ती शोभेची वस्तू. घरातल्या जुन्या हत्याराबरोबरही एक वही ठेवा: कुणाकडून आलं, कोणत्या गावातून, अंगावर कोणते ठसे, लांबी किती, नळीचा व्यास किती, परवान्याचे कागद कुठे. आजी सांगते ती हकिगत ऐकीव म्हणून वेगळी लिहा, पण लिहा. आजी गेल्यावर ती कुठल्याच संग्रहालयात मिळणार नाही.

पिट रिव्हर्स खणून झालेला खड्डा बुजवताना तळाशी धातूचं एक छोटं पदक ठेवत. त्यावर त्यांचं नाव आणि सालाची जागा असे. पुढे कधी कुणी पुन्हा खणलंच, तर त्याला कळावं, की ही माती आधी हललेली आहे, कुणी हलवली आणि केव्हा. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्या माणसाची वाट चुकू नये म्हणून केलेली ही सोय.

येत्या दिवाळीला किल्ला झाला की मुलांना एवढंच सांगा: मावळा हवा तेवढा मोठा ठेवा, पण एका सपाट दगडावर किल्ल्याचं नाव, साल आणि करणाऱ्यांची नावं लिहून तो दगड पायथ्याच्या मातीत पुरा.